लाल गेट, निळं गेट आणि अहिरे सर

अहिरे सर एखादं यंत्र उघडायला बसले की आधी वर्तमानपत्राचा एक कागद टेबलावर पसरायचे. प्रत्येक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने कागदावर ठेवायचे आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने आकडा घालायचे. हे सगळं झाल्यावर हात मागे बांधून दोन-तीन मिनिटं नुसते बघत राहायचे. आम्हा मुलांना घाई असायची. कुणी बोट पुढे केलं की म्हणायचे, "आधी बघ." एवढंच. त्यांचा आवाज मुळात मऊ होता आणि राग आला की आणखी मऊ व्हायचा. त्यामुळे सर हळू बोलायला लागले की आख्खं वर्कशॉप गप्प व्हायचं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांची ही गोष्ट. सातपूरची एमआयडीसी तेव्हा वाढत होती. आमची शाळा तिच्या कडेला, त्र्यंबक रोडपासून आत. शाळेत आठवीपासून टेक्निकलचा विषय होता. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, तिच्यात दहा बाकं आणि भिंतीला लावलेली हत्यारं. त्या शेडचे राजे अहिरे सर. पांढरा शर्ट, बाह्या बरोबर दोन घड्या घालून वर केलेल्या, कानावर पेन्सिल. सायकलच्या हँडलला एक कापडी पिशवी, तिच्यात पक्कड, टेस्टर आणि गूळ-शेंगदाण्यांची पुडी. मधल्या सुट्टीत तेच खायचे.

टेक्निकलला मुली घेत नसत. मी नाव दिलं तेव्हा मुख्याध्यापकांनी मला गृहविज्ञानाकडे पाठवायचं ठरवलं होतं. अहिरे सरांनी माझा अर्ज बघितला, मला म्हणाले, "सोल्डरिंगने हात भाजतो. चालेल?" मी चालेल म्हटलं. त्यांनी सही केली. यापलीकडे त्या गोष्टीची चर्चा त्यांनी कधी केली नाही.

आमच्या शाळेतली मुलं दोन कारखान्यांत वाटलेली होती. दोन्ही कारखाने रेडिओ करायचे आणि दोन्ही समोरासमोर होते. एकाचं फाटक लाल, दुसऱ्याचं निळं. खरी नावं घ्यायची कुणालाच गरज पडली नाही. "तुझे बाबा कुठल्या गेटला?" हा नव्या मुलाला पहिला प्रश्न. माझे वडील लाल गेटला स्टोअरमध्ये होते. दोन्ही गेटांचे भोंगे जवळजवळ एकाच वेळी व्हायचे आणि आधी कुणाचा होतो यावरही आमची भांडणं होत. क्रिकेटच्या टीमा गेटांप्रमाणे. डबे खायला बसायच्या जागासुद्धा गेटांप्रमाणे.

सर स्वतः आधी लाल गेटला टेस्टिंगमध्ये होते. ती नोकरी सोडून कमी पगारावर शाळेत आले होते. का, असं विचारलं की म्हणायचे, "तिथं दिवसभर एकच चूक शोधायची. इथं रोज नवीन बघायला मिळते." त्यांच्या घरी मात्र रेडिओ नव्हता, याचं आम्हाला फार नवल वाटायचं. ते कामगारांच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात रविवारी सकाळी मुलांना गणित शिकवायचे, मूळचे सटाण्याकडचे होते, एवढंच आम्हाला त्यांच्याविषयी माहीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी जोड्या लावल्या. एका बाकावर एक लाल, एक निळा. एका बाकाला एकच सोल्डरिंग गन. एकाने जोड धरायचा, दुसऱ्याने सोल्डर लावायचं. एकट्याने ते काम होतच नाही, कारण हात तीन लागतात. माझ्या बाकावर प्रकाश आला. त्याचे वडील निळ्या गेटला ड्राफ्ट्समन होते. प्रकाश कमी बोलायचा आणि त्याचा हात इतका स्थिर होता, की मी सोल्डर लावताना श्वास रोखून धरायचे, पण तो नाही.

नामपूरहून मामाकडे शिकायला आलेला बापू नावाचा एक मुलगा होता. पहिल्या आठवड्यात सरांनी एक बंद पडलेली बेल वर्गात फिरवली आणि काय बिघडलंय ते विचारलं. बापू उठून आपल्या गावच्या बोलीत म्हणाला, "सर, हाई तार तुटेल शे." वर्ग हसला. 'शे' हा शब्द पुढे चार दिवस त्याच्या मागे लागणार हे दिसतच होतं. सरांनी बेल हातात घेतली, तारेचं कापडी वेष्टन जिथे दबलेलं होतं तिथे सोललं. आत तार तुटलेली होती. त्यांनी ती सगळ्यांना दाखवली आणि हळू आवाजात म्हणाले, "याने बघितलं. तुम्ही बाकीचे एकोणीस जण काय करत होतात?" मग बापूकडे वळून त्याच्याच बोलीत म्हणाले, "मंग जोड ना." बापूने तार जोडली, बेल वाजली. नंतर त्याला कुणी 'शे' म्हणून चिडवलं की तो शांतपणे म्हणायचा, "सरले सांगू का?"

वर्कशॉपच्या दाराशी एक माठ होता. सर तो रोज सकाळी स्वतः धुऊन भरायचे. आमच्यातली पाच-सहा मुलं त्या माठातलं पाणी पीत नसत. तहान लागली की मैदान ओलांडून मुख्य इमारतीच्या नळावर जायची. का ते कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही. त्या मुलांत सुरेश पुढे असायचा. उंच, तापट, निळ्या गेटचा म्होरक्या. एका दुपारी तो नळाकडे निघाला तेव्हा सरांनी त्याच्या हातात तांब्या दिला. "तिकडे जातोच आहेस तर भरून आण. माठात ओत." सुरेशला नाही म्हणता येईना. त्याने आणून ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सरांच्या चेहऱ्यावर काही नसायचं, माठ खाली झाला की तो भरायचा, एवढंच काम जणू. असं पंधरा दिवस चाललं. मार्चमध्ये ऊन तापलं तेव्हा एक दिवस सुरेश मैदानाकडे बघत दारात थांबला, मग वळला आणि माठात ओगराळं बुडवून पाणी प्यायला. कुणीतरी बघतंय असं लक्षात आल्यावर म्हणाला, "मीच भरलेलं आहे." सर आपल्या जागेवर कानस चालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्याआधीच, आमच्या आठवीच्या दिवाळीत, लाल गेटने एक छोटा रेडिओ काढला. हातात मावणारा, दोन सेलवर महिनाभर चालणारा. मेन रोडवरच्या दुकानांत त्याचे लाल बोर्ड लागले. निळ्या गेटचे मोठे लाकडी पेटीचे रेडिओ दुकानांच्या मागच्या फळीवर गेले. त्यांनी घाईघाईने तसाच छोटा रेडिओ काढला, पण तोवर सहा महिने गेले होते. आधी त्यांची तिसरी पाळी बंद झाली, मग दुसरी. आम्ही नववीत गेलो आणि पावसाळा संपता संपता त्यांनी दीडशे माणसांना घरी बसवलं. त्यात सुरेशचे वडील होते.

आणि लाल गेटचा तो छोटा रेडिओ निघायच्या थोडंच आधी प्रकाशचे वडील निळं गेट सोडून लाल गेटला लागले होते.

पुढचं आपोआप झालं. जाताना त्यांनी निळ्या गेटच्या नव्या रेडिओचं ड्रॉइंग डब्याच्या पिशवीतून नेलं, अशी बातमी कॉलनीत पसरली. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. प्रकाशच्या शेजारी कुणी डबा खायला बसेना. निळ्या गेटची मुलं त्याला चोर म्हणायची, आणि लाल गेटची मुलं त्याला आपल्यात घेत नव्हती. आपल्याकडचा रेडिओ चोरीचा आहे असं ठरू नये म्हणून त्यांनाही तो नको होता.

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते. एके दिवशी शाळा सुटल्यावर मी सरांकडे गेले आणि म्हणाले, "सर, माझा बाक बदलून द्या."

"का?"

"असंच."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "देतो. उद्या सकाळी प्रकाश बाकावर असताना माग."

दुसऱ्या दिवशी प्रकाश आला, त्याने आमची गन तारेच्या ब्रशने घासून ठेवली आणि मूठ माझ्याकडे करून दिली. मी मागितलं नाही. सरांनीही विचारलं नाही. पण मी प्रकाशशी कामापुरतंच बोलत राहिले, हेही खरं.

डिसेंबरात शाळेचं प्रदर्शन असायचं. प्रकाशने त्यासाठी स्वतः एक रेडिओ जुळवला होता. साबणाच्या डबीत बसवलेला, एकाच स्टेशनचा, पण स्वच्छ वाजणारा. प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही सकाळी वर्कशॉपमध्ये आलो तर त्याच्या स्पीकरला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडलेलं होतं आणि कॉइलची तार ओरबाडून काढलेली होती. बाकावर छिन्नीने एक शब्द कोरला होता. प्रकाशने तो शब्द वाचला आणि त्यावर आपली वही ठेवली. रडला नाही.

कुणी केलं ते सुरेशच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. सरांनी मात्र कुणालाच विचारलं नाही. त्या दिवशी ते काही शिकवू शकले नाहीत. स्टुलावर बसून राहिले, मग म्हणाले, "आज हत्यारं पुसा." आणि आम्ही दोन तास हत्यारं पुसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून दोन छोटे रेडिओ काढले. दोन्हींच्या नावांवर चिकटपट्टी होती. दोन्ही कोरे, दुकानातून आणलेले. दोन टेबलांवर दोन वर्तमानपत्रं पसरली.

"हे उघडायचे," ते म्हणाले. "कुठला कुणाचा ते शोधायचं नाही. कशाला काय जोडलंय तेवढं कागदावर काढायचं. घाई नाही. तीन दिवस आहेत."

मग त्यांनी दोन गट केले आणि सुरेश नि प्रकाशला एकाच टेबलावर बोलावलं.

सुरेश म्हणाला, "मी याच्याबरोबर बसणार नाही."

"नको बसू," सर म्हणाले. "उभा राहून काढ."

तीन दिवस सुरेशने उभं राहून काढलं. प्रकाश भिंग धरून तारा वाचायचा, सुरेश कागदावर रेघा मारायचा. तिसऱ्या दिवशी सरांनी दोन्ही गटांची चित्रं फळ्यावर शेजारी शेजारी काढली. आम्ही बघत राहिलो. दोन्ही जवळजवळ एकच होती. दोन-तीन भागांचे आकडे वेगळे, एक जोड जास्तीचा, बाकी तेच. मग सरांनी खिशातून एक घडी घातलेलं पत्रक काढलं. रेडिओतला ट्रान्झिस्टर हा भाग बनवणारी कंपनी आपल्या मालाबरोबर ते फुकट वाटायची. रेडिओ कसा जुळवावा, त्याचं चित्र त्यात छापलेलं. फळ्यावरच्या दोन्ही चित्रांची आई म्हणावी असं ते होतं.

"हे कुणालाही मिळतं," सर म्हणाले. "मला पोस्टाने आलं."

मग सुरेशनेच विचारलं, "म्हणजे याच्या वडिलांनी काही नेलं नाही?"

आम्हा सगळ्यांना वाटलं, सर आता नाही म्हणतील आणि हे सगळं एकदाचं मिटेल. प्रकाशही त्यांच्याकडे बघत होता.

सर म्हणाले, "ते मला माहीत नाही. या कागदावरून ते कळत नाही. नेलं असेल, नसेल. तुलाही माहीत नाही. पण हा चौदा वर्षांचा आहे आणि तुझ्या वर्गात आहे. याने तुझं काय नेलं, ते सांग."

सुरेशने हातातली पेन्सिल कागदावर ठेवली. मग खाली बघून म्हणाला, "माझे बाबा घरीच असतात, सर. दिवसभर."

"माहीत आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "मी त्यांच्याकडे जाऊन आलो." त्यांनी एक स्टूल ओढलं, सुरेशच्या मागे ठेवलं. तीन दिवसांत पहिल्यांदा सुरेश बसला.

प्रदर्शनाला दोन दिवस राहिले होते. सरांनी कपाटातून नवा स्पीकर आणि तारेचं रीळ काढून सुरेशपुढे ठेवलं. कॉइल गुंडाळायची म्हणजे एकाने गुंडाळायचं आणि दुसऱ्याने वेढे मोजायचे. एक वेढा चुकला तर स्टेशन लागत नाही. सुरेश गुंडाळत होता, प्रकाश मोजत होता. चाळीसपर्यंत गेले आणि सुरेशचा हात सुटला. सगळी तार उलगडली. प्रकाशने पुन्हा एकपासून सुरुवात केली. त्या दुपारी त्या दोघांत आकड्यांशिवाय दुसरा शब्द बोलला गेला नाही. संध्याकाळी रेडिओ वाजला, तेव्हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चालू होता. द्राक्षांवरच्या भुरी रोगाची माहिती आम्ही वीस मुलांनी शेवटपर्यंत ऐकली.

ते दोघं पुढे मित्र झाले असं मी म्हणणार नाही. झाले नाहीत. पण डबा खायला सुरेश त्याच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागला, आणि मग इतरही आले. त्यांच्यात मीही होते, आणि तिथे पहिली नव्हते.

ही गोष्ट सरांना महागात पडली. निळ्या गेटचे एक साहेब शाळेच्या कमिटीवर होते. शाळेत आमच्या मालाची चिरफाड करून मुलांना नक्कल शिकवतात, अशी त्यांनी तक्रार केली. मी हजेरीचं पुस्तक द्यायला ऑफिसात गेले होते, दार अर्धं उघडं होतं. मुख्याध्यापक वैतागून म्हणत होते, "अहो अहिरे, निदान विचारायचं तरी. कारखानेवाले नाराज झाले तर उद्या आपल्याला हत्यारं कोण देणार?"

"सर, दुकानातून घेतलेला रेडिओ आहे. उघडू नये असं पावतीवर लिहिलेलं नाही."

"तसं नाही हो. पोरांच्या भांडणात कंपन्या कशाला आणायच्या?"

"मी नाही आणल्या," अहिरे सर म्हणाले. "पोरं घेऊनच येत होती. दप्तरातून."

मुख्याध्यापक वाईट नव्हते. त्यांनी काही दिवस चालढकल केली. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत संस्थेचं पत्र आलं आणि सरांची बदली कळवणच्या शाळेत झाली. आम्ही दहावीला आलो तेव्हा शेडमध्ये दुसरे सर होते. तेही चांगलं शिकवायचे. माठ मात्र आता आळीपाळीने आम्हीच भरायचो, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

पुढे दोन्ही गेटं बंद पडली. आधी निळं, मग चार-पाच वर्षांनी लालही. बाहेरून टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, आणि ज्यांच्यासाठी आम्ही एकमेकांची डोकी फोडायला निघालो होतो ते रेडिओ भंगारात गेले. माझे वडील शेवटच्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर निळ्या गेटचे दोन जुने कामगार होते. तिघांनी अंगणात बसून चहा घेतला. प्रकाश बंगलोरला गेला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याच्या वडिलांनी ड्रॉइंग नेलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. सुरेशचं सिडकोत टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आमचा पहिला टीव्ही बिघडला तेव्हा मी त्याच्याकडेच नेला. त्याने काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि मी त्या कागदाकडे बघत राहिले. त्यालाही समजलं असावं. "सवय," एवढंच म्हणाला.

मी डिप्लोमा करून टेलिफोन खात्यात लागले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तालुक्यांच्या गावी नवी आपोआप चालणारी एक्सचेंजेस बसत होती. त्या कामासाठी मी कळवणला गेले आणि पहिल्याच दुपारी शाळा शोधत निघाले.

सर वर्कशॉपमध्ये होते. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला. मी नाव सांगायच्या आत म्हणाले, "हात भाजला की नाही पुढे?" मी मनगटावरचा डाग दाखवला. ते हसले. त्यांना प्रकाशची, सुरेशची, बापूची, सगळ्यांची माहिती हवी होती. मी दोन्ही गेटं बंद झाल्याचं सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणाले, "लाल गेटचा टेस्टिंगचा हॉल फार सुंदर होता. उत्तरेचा उजेड यायचा." तक्रार नव्हती त्यात. बदलीबद्दल मी काही बोलू गेले तर त्यांनी विषय टाळला आणि नव्या एक्सचेंजविषयी विचारायला लागले. तिसऱ्या दिवशी ते पंचवीस मुलं घेऊन बघायला आले. मुलं सुरगाणा-पेठकडच्या डोंगरातली, वसतिगृहात राहणारी. मी समजावून सांगत होते, मुलं माना हलवत होती. सर मागे उभे राहून ऐकत होते.

जाताना म्हणाले, "आपण बोलतो ते यांना समजतं. ही आपापसात स्वतःच्या बोलीत बोलतात ते मला अजून नीट समजत नाही. आठ वर्षं झाली. अवघड आहे."

"सर, आता ती शिकून कशाला?" मी म्हटलं. "दोन वर्षांत रिटायर व्हाल."

"दोन वर्षं आहेत ना," ते म्हणाले.

काम संपवून मी निघाले त्या सकाळी जीप शाळेवरून गेली. कुंपणाशी ड्रायव्हर टायर बघायला थांबला. पटांगणात लिंबाखाली मुलं जमिनीवर गोल करून बसली होती आणि सर त्यांच्यात मांडी घालून बसले होते. त्यांच्यासमोर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी होती. ती आपल्या बोलीतला एक शब्द म्हणायची, सर तो म्हणायचे. ती मान हलवायची, नाही. सर पुन्हा म्हणायचे. पुन्हा नाही. पोरं हसत होती, सरही हसत होते. मुलगी मात्र हसत नव्हती. ती दोन पावलं पुढे आली, सरांना ओठ नीट दिसावेत म्हणून वाकली आणि तो शब्द अगदी सावकाश, तोडून तोडून म्हणाली. सरांनी चष्मा वर सरकवला आणि तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

तेवढ्यात जीप सुरू झाली. तो शब्द त्यांना जमला की नाही, ते मला दिसलं नाही.